वर्गातला पडदा आणि त्याचा खटका

वर्गातल्या पडद्याविषयीची तक्रार आपल्याला अगदी कालपरवाची वाटते. मुलं फोन खाली ठेवत नाहीत, गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, फळ्यावरच्या अक्षरापेक्षा व्हिडिओवर विश्वास जास्त. पालकसभेत हा विषय निघाला की चर्चा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ या वाक्यापाशी येऊन थांबते. बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की मला आधी तारखा पाहाव्याशा वाटतात. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी त्या पाहू लागलो. शाळेत पडदा पहिल्यांदा कधी आला, कोणी आणला, आणि तेव्हाच्या शिक्षकांचं आणि आईवडिलांचं त्यावर म्हणणं काय होतं, एवढेच प्रश्न होते.

अशा प्रयोगांवरची पुस्तकं आणि अहवाल वाचताना एक सवय लागली. सुरुवातीची भव्य उद्दिष्टं भराभर वाचायची आणि शेवटाकडे ‘अडचणी’ नावाचं प्रकरण असतं, तिथे रेंगाळायचं. कारण शिक्षकाचा आवाज बहुधा तिथेच ऐकू येतो. देश बदलतात, दशकं बदलतात, पण या प्रकरणांतलं गाऱ्हाणं फारसं बदलत नाही. आणि मला आश्चर्य वाटलं ते असं, की ते यंत्राविरुद्ध क्वचितच असतं. पडदा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा हे ठरवण्याचा अधिकार वर्गाबाहेर गेला, हे त्यातलं दुखणं असतं. थोडक्यात, खटका कोणाच्या हाती?

दहा वर्षांचं भाकीत

१९१३ साली थॉमस एडिसनने एका मुलाखतीत सांगितलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, सारं ज्ञान चित्रपटांतून डोळ्यांवाटे देता येईल आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पालटून जाईल. एडिसन स्वतः चित्रपटाची यंत्रं आणि फिती विकत होता, हे इथे लक्षात ठेवायला हवं. १९२३ उजाडलं तेव्हा अमेरिकेतल्या शाळांत पुस्तकं होती, फळे होते आणि शिक्षकही होते.

पुढे काय झालं याचा सर्वांत समंजस हिशेब लॅरी क्युबन यांनी १९८६ सालच्या ‘टीचर्स अँड मशिन्स’ या छोट्या पुस्तकात मांडला आहे. क्युबन आधी शाळेत इतिहास शिकवत, मग शिक्षण अधिकारी झाले आणि नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक. चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक या चारही साधनांची कथा त्यांना सारखीच दिसली. आधी मोठी आशा, मग खरेदी, मग वापर कमी असल्याचे अहवाल आणि शेवटी शिक्षकांवर ठपका. शिक्षक जुनाट आहेत, यंत्राला घाबरतात, बदल नको म्हणतात.

क्युबन यांनी हा ठपका उलटून पाहिला. शिक्षकाच्या खुर्चीवरून वर्ग कसा दिसतो? समोर तीस-चाळीस मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, पुरा करायचा अभ्यासक्रम. प्रोजेक्टर मागायचा तर तो दुसऱ्याच वर्गात असतो. फीत येते ती हा धडा होऊन गेल्यावर. रेडिओचा कार्यक्रम अकरा वाजता आणि भूगोलाचा तास दोन वाजता. खडू आणि पुस्तक मात्र हाताशी असतं, हवं तेव्हा थांबतं, मागचं पान पुन्हा उघडू देतं. शिक्षकाने खडू निवडला यात अज्ञान नव्हतं. तो त्याच्या कामाचा हिशेब होता.

खाडीपलीकडचा गुरुजी

हा हिशेब धुडकावून संपूर्ण शाळाव्यवस्था पडद्यावर उभी करण्याचा प्रयत्न झाला तो प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर. १९६१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’मधल्या एका लेखाने तिथल्या दुरवस्थेबद्दल अमेरिकेला लाजवलं. त्याच वर्षी एच. रेक्स ली राज्यपाल म्हणून आले. शाळा मोडकळीला आलेल्या, बहुतेक स्थानिक शिक्षकांचं इंग्रजी कच्चं, आणि मुलांना इंग्रजीतून शिकवायचं ठरलेलं. शिक्षक तयार व्हायला एक पिढी जाईल, एवढा धीर नको, म्हणून ली यांनी दूरचित्रवाणीचा मार्ग धरला. आलावा डोंगरावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि तिथे जाण्यासाठी पागो पागोच्या खाडीवरून रोपवे टाकला गेला. ऑक्टोबर १९६४ पासून सहा वाहिन्यांवरून धडे सुरू झाले.

शिकवणारे शिक्षक अमेरिकेतून आणलेले होते आणि ते स्टुडिओत बसत. वर्गातल्या सामोअन शिक्षकाने ठरल्या वेळी संच लावायचा, धडा संपला की छापून आलेल्या सूचनांनुसार सराव घ्यायचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन १९६६ मध्ये बेटांवर आले आणि या प्रयोगाचं कौतुक करून गेले.

खालच्या वर्गांत, विशेषतः इंग्रजी कानावर पडण्याच्या दृष्टीने, त्याचा उपयोग झाला हे नाकारता येत नाही. पण मुलं जसजशी वरच्या इयत्तांत गेली तसतशी नाराजी वाढली, आणि ती विद्यार्थी आणि शिक्षक दोघांची होती. मुलाने हात वर केला तरी पडद्यावरचा गुरुजी थांबत नसे. वर्ग मागे पडला तरी उद्याचा धडा उद्याच येई. दरम्यान स्थानिक शिक्षकांचं प्रशिक्षण होत गेलं, आणि ते जितके तयार झाले तितकं त्यांना हे दुय्यमपण सलू लागलं. सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीचा वापर उतरणीला लागला. आधी माध्यमिक शाळांत, मग खालीही. काय लावायचं आणि काय नाही, हे ठरवणं हळूहळू वर्गशिक्षकाकडे परत आलं. शिक्षक कमकुवत आहे म्हणून पडदा आणला होता. शिक्षक सक्षम झाला तेव्हा त्याने पडद्याला त्याची जागा दाखवली.

एल साल्वादोरमध्ये हीच गोष्ट अधिक कडवटपणे घडली. वॉल्टर बेनेके हे जपानमध्ये राजदूत असताना तिथल्या शैक्षणिक दूरचित्रवाणीने भारावले होते. शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी १९६८ मध्ये मोठी सुधारणा हाती घेतली आणि १९६९ पासून सातवी ते नववीच्या वर्गांत वीस मिनिटांचे धडे पडद्यावरून सुरू झाले. पैशाचा मोठा भाग अमेरिकी मदतीतून आला. शिक्षकांना वर्षभराचं पुनर्प्रशिक्षण दिलं गेलं, नवी पुस्तकं आली. कागदावर आराखडा उत्तम होता.

पण १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये शिक्षक संघटनेने देशव्यापी संप केले. मागण्या पगाराच्या आणि सेवाशर्तींच्या होत्या, टीव्ही हा त्यांतला मुख्य मुद्दा नव्हता. तरी संपाकडे निव्वळ पगाराचं भांडण म्हणून पाहता येत नाही. १९७१ मध्ये या इयत्तांची फी माफ झाली, वर्ग ओसंडून वाहू लागले आणि एकेका शिक्षकाला दोन-दोन पाळ्या घ्याव्या लागल्या. सुधारणा वरून आली, तिच्याविषयी शिक्षकांना विचारलं गेलं नाही, आणि संच घ्यायला पैसा होता पण माणसाला द्यायला नव्हता, ही त्या संपामागची भावना होती. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या पाहण्यांत शिक्षकांचा सुरुवातीचा उत्साह ओसरत गेलेला दिसतो. विद्यार्थीसुद्धा सातवीत होते तेवढे नववीत खूश नव्हते.

पुण्याची खेडी, दिल्लीच्या शाळा

आपल्याकडची सुरुवात पडद्याने झाली नाही, आवाजाने झाली. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या दीडशे खेड्यांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा गावातली मंडळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि पडलेले प्रश्न लिहून केंद्राला पाठवत. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याचं मूल्यमापन केलं आणि ते काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिलं. जिथे मंडळं होती तिथे लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. जिथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथे फरक किरकोळ होता.

हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. यंत्र दोन्हीकडे तेच होतं. बदलली होती ती यंत्र बंद झाल्यानंतरची अर्धी घटका. आणि तिथे श्रोत्याला उलट विचारता येत होतं.

हेच न्यूराथ पुढे दिल्लीच्या शालेय दूरचित्रवाणीचा अभ्यास करताना दिसतात. दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात आली आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने १९६१ मध्ये शाळांसाठीचे नियमित धडे सुरू झाले. कारण सरळ होतं. फाळणीनंतर शहर फुगलं होतं, शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या, विज्ञानाचे पात्र शिक्षक पुरेसे नव्हते. भौतिकशास्त्राचा जो प्रयोग मुलांना एरवी दिसलाच नसता तो निदान पडद्यावर दिसला. मात्र इथेही घोडं वेळापत्रकाशी अडलं. साऱ्या दिल्लीतल्या शाळांना एकाच वेळी एकाच धड्यावर आणायचं तर प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गाची चाल सोडून स्टुडिओच्या चालीने चालावं लागे.

आकाशातला खटका

भारतातला सर्वांत मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ ला संपला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला होता. त्याचा करार विक्रम साराभाईंच्या हयातीत, १९६९ मध्ये झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या छत्र्या आणि संच बसवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण प्रकल्पाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती, आणि अहमदाबादच्या ज्या अंतराळ उपयोग केंद्रातून तो चालला त्याचे संचालक यशपाल होते.

सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी असे. चार भाषांत विभागल्यावर प्रत्येक भाषेच्या वाट्याला बावीसेक मिनिटं येत. या प्रकल्पात शिक्षकांचा विचार झाला नाही असं म्हणता येणार नाही. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांच्या मदतीने विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण मिळालं. माझ्या मते ‘साइट’ची सर्वांत टिकाऊ कमाई तीच. मुलांची शाळेतली हजेरी वाढेल अशी आशा होती, ती मात्र पाहण्यांत फळली नाही. याचं नवल वाटू नये. शेतावर लागणारे हात आणि धाकट्या भावंडांना सांभाळणं ही शाळा सुटण्याची कारणं बावीस मिनिटांच्या कार्यक्रमाने कशी हटणार?

पुढे ठरल्याप्रमाणे वर्ष संपलं, उपग्रह अमेरिकेकडे परतला आणि खेड्यांतले संच मुके झाले. काही भागांत जमिनीवरच्या केंद्रांतून नंतर प्रक्षेपण सुरू झालं, बाकीच्यांना थांबावं लागलं. करार लिखित होता, कोणी कोणाला फसवलं नव्हतं. तरीही एका गोष्टीची नोंद व्हायला हवी. ज्या गावाने वर्षभर त्या पडद्यासमोर आपली मुलं बसवली, त्या गावाला तो सुरू करताना कोणी विचारलं नव्हतं आणि बंद करतानाही नाही.

यशपालांचं नाव पुढे आणखी एका कामाशी जोडलं गेलं. १९९३ साली त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. मुलांवर माहितीचा मारा होतो पण समजत काहीच नाही, हे समजत नसल्याचं ओझं दप्तरापेक्षा जड आहे, अशी त्याची मांडणी होती. उपग्रहावरून हजारो खेड्यांत माहिती पोचवणाऱ्या माणसाने पुढे हा अहवाल लिहावा, याला मी विसंगती म्हणणार नाही. तो अनुभव असावा.

कुलुपातला टीव्ही

ऐंशीच्या दशकात इन्सॅटमुळे उपग्रह आपला झाला. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली, मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी संस्था. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला आणि ‘क्लास’ या योजनेखाली सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, केंद्र सरकारला ‘खडू-फळा मोहीम’ हाती घ्यावी लागली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं किमान साहित्य मिळावं, एवढीच तिची अपेक्षा. या दोन तारखा मी शेजारी लिहून ठेवल्या आहेत. देशाची एक शाळा संगणकाची वाट पाहत होती आणि दुसरी फळ्याची.

मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथेही एक टीव्ही आला. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी कपाटात असे, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई बहुतेक वेळा बँकेत किंवा पंचायत समितीत गेलेला. कार्यक्रम लागे तेव्हा आमचा गणिताचा तास असे. संच बिघडेल आणि भरपाई आपल्या पगारातून कापली जाईल, या भीतीने कोणी तो मागतही नसे. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी मात्र कपाट उघडून संच पुसून ठेवला जाई. ‘उपकरण उपलब्ध : होय’ असा रकाना भरला की सगळ्यांचं समाधान. माझे सहकारी तंत्रज्ञानाचे विरोधक नव्हते. त्यांतल्या एकाने स्वखर्चाने टेपरेकॉर्डर आणून कविता ऐकवल्या होत्या, कारण तो टेपरेकॉर्डर त्याला हवा तेव्हा लावता येत होता.

बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. तोवर पडदा कपाटातून निघून खिशात आला होता.

वर्गणीतला प्रोजेक्टर, घरातला फोन

महाराष्ट्रातल्या गेल्या दहा वर्षांच्या कथेत एक उजळ बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शिक्षकांनी गावातून लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणि टॅब आणले. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसकडे निघालेली मुलं थोपवावीत, ही धडपड त्यामागे होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून आपल्या मुलांना हवे ते धडे जोडले, पुढे राज्याने ती कल्पना उचलली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा तपशील असा, की इथे साधन शिक्षकाने निवडलं, मजकूर शिक्षकाने ठरवला आणि खटकाही त्याच्याच हाती होता. पुण्याच्या श्रोता मंडळांशी याचं नातं आहे, सामोआशी नाही.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि एका रात्रीत पडदा हाच वर्ग झाला. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात फोन एक, तो घेऊन बाप कामावर, आणि उरलेल्या वेळात तीन भावंडं. अनेक आईबापांनी कर्ज काढून, काहींनी दागिना मोडून फोन घेतला. तो मुलांच्या हट्टापायी घेतलेला नव्हता. शाळा त्यातून भरत होती, म्हणून घेतला.

आजच्या पालकांची तक्रार समजून घ्यायची तर इथून सुरुवात करायला हवी. शाळा पुन्हा उघडल्या, पण शाळेचा व्हॉट्सॲप गट राहिला. गृहपाठ तिथेच येतो, सूचना तिथेच येतात, प्रकल्पासाठी ‘नेटवर शोधा’ असं वहीत लिहून मिळतं. आईने फोन काढून घेतला तर मुलगी म्हणते, ‘मॅडमनी व्हिडिओ पाहायला सांगितलाय’, आणि ते खरं असतं. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. दोन्ही कामं एकाच पडद्यावर चालतात, एका बोटाच्या अंतरावर.

जुन्या पडद्यात आणि या पडद्यात एक मूलभूत फरक आहे. सामोआचा धडा संपायचा. ‘साइट’चा कार्यक्रम बावीस मिनिटांत आटपायचा. हा पडदा आपणहून संपत नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा तयार असतो. खटका मुलाच्या बोटाखाली दिसतो खरा, पण तो दाबावासा वाटू नये यासाठीची सारी रचना दूर कुठेतरी बसलेल्यांनी केलेली असते.

शिक्षकांचं गाऱ्हाणंही पालटलं आहे. आता त्यांच्याच हातात पडदा आहे आणि त्यावर दिवसभर आदेश येतात. अमुक माहिती दुपारपर्यंत भरा, तमुक उपक्रमाचा फोटो लिंकवर चढवा, उपस्थिती ॲपवर नोंदवा. अलीकडच्या शिक्षकांच्या मोर्चांत ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा ऐकली तेव्हा मला एल साल्वादोर आठवलं. एवढी साधी मागणी करायला रस्त्यावर यावं लागतं, याचा अर्थ वर्गाची सूत्रं वर्गात उरलेली नाहीत.

सातचा भोंगा

पडद्याचा निर्णय परत आपल्या हाती घेण्याचे प्रयत्नही याच काळातले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात, मुलं अभ्यास करतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल देऊ नये असा ठराव केला. मला वडगावचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे बंधन मुलांवर एकट्यांवर नाही. आईची मालिका आणि बापाचं व्हॉट्सॲपही त्या दीड तासात थांबतं. शिवाय भोंगा पुन्हा वाजतो. पडदा हद्दपार होत नाही, त्याला वेळ ठरवून दिली जाते.

दूरच्या स्वीडनमध्येही साधारण हाच विचार झाला, फक्त सरकारी पातळीवर. शाळांत डिजिटल साधनं आणण्यात तो देश आघाडीवर होता. आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तिथल्या चौथीच्या मुलांचे सरासरी गुण २०१६ मध्ये ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले. या घसरणीला पडदाच कारण, असं म्हणायला एवढा पुरावा पुरेसा नाही. मध्ये महासाथ होऊन गेली होती. पण २०२३ मध्ये सरकारने छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर मंजूर केले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती मागे घेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी युनेस्कोचा जागतिक शिक्षण अहवाल तंत्रज्ञानावर निघाला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे : हे साधन कोणाच्या अटींवर?

हाच प्रश्न सामोआच्या शिक्षकाने साठ वर्षांपूर्वी विचारला होता. त्याला तेव्हा ‘बदलाला विरोध’ असं नाव मिळालं.

इतिहास वाचून भविष्य सांगता येत नाही, पण कोणाचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं हे कळतं. पडद्याच्या शंभर वर्षांत अभियंत्यांचे अंदाज चुकले, मंत्र्यांची भाषणं विरली. शिक्षकांनी आणि पालकांनी सांगितलेल्या अडचणी मात्र जवळपास सगळ्या खऱ्या ठरल्या : वेळ जुळत नाही, मूल विचारू शकत नाही, माणसाच्या जागी वस्तू येते, आणि नको तेव्हा थांबवता येत नाही. ती भीती नव्हती, ती माहिती होती.

आपल्याकडे ही माहिती मांडायला एक जागा कायद्याने दिली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अनुदानित आणि सरकारी शाळांना शाळा व्यवस्थापन समिती नेमायला लावली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असतात. याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेत काय असायलाच हवं याची यादी आहे. दर शिक्षकामागे एक खोली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, खेळाचं मैदान, ग्रंथालय. पडदा त्या यादीत नाही. म्हणजे तो घ्यायचा की नाही आणि घेतला तर कसा वापरायचा, हे ठरवायला वाव आहे. समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एवढं लिहिलं तरी पुरे : आपल्या शाळेत मुलांनी रोज पडद्यासमोर किती वेळ बसायचं, गृहपाठ फोनवर पाठवायचा की वहीत लिहून द्यायचा, आणि हे दोन्ही कोण ठरवणार. इतिवृत्तात उत्तर लिहिलं जाईल, त्याखाली आईबापांच्या आणि शिक्षकांच्या सह्या असतील. एवढ्या वर्षांच्या वाचनात असा कागद मला एकाही प्रयोगाच्या सुरुवातीला सापडलेला नाही.